आक्काचा गुडघा आणि माझी बाटली

मुरुम या बाजारगावापासून दोन कोसांवर आमचं गाव. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात दूध सोसायटी निघाली आणि फॅट काढायचं काम माझ्याकडं आलं. म्हणजे दूध घालायला येणाऱ्याच्या चरवीतून बाटलीत नमुना घ्यायचा, ॲसिड टाकून यंत्रात फिरवायचा आणि किती फॅट लागलं ते सांगायचं. माझ्या तोंडून आकडा निघाला की तो देवाचा शब्द. त्यात मी पहिल्यापासूनचा तापट. दुधात पाणी सापडलं की चारचौघांत माणसाची बिनपाण्यानं हजामत करायचो. एकदा एका बाईनं आपल्या म्हशीच्या पातळ दुधाऐवजी जावेच्या म्हशीचं घट्ट दूध तांब्यात आणून नमुन्याला दिलं. मी ते पकडलं आणि रांगेतल्या सगळ्यांदेखत तिला रडवलं. वर ऐकवलं, "नमुना म्हंजे इमान असतंय, बाई." ती पदरानं डोळे पुसत गेली आणि मला त्या दिवशी जेवण दोन घास जास्तच गेलं.

आक्का माझी थोरली बहीण. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. आई दिवसभर रानात, म्हणून मला तिनंच कडेवर घेऊन वाढवलं. दिली होती शेजारच्याच गावात. तिच्या नवऱ्याला मी दाजी म्हणायचो. दाजी म्हणजे चार शब्दांची गरज असेल तिथं दोनच बोलणारा माणूस. एक मुलगी होती, ती लग्न होऊन सासरी गेलेली. दोघांचं दोन म्हशींवर आणि थोड्या रानावर बरं चाललं होतं.

आक्काची एक गोष्ट आमच्या घरात आईला, तिला आणि मलाच ठाऊक होती. तिची लघवी काळी व्हायची. होताना नाही, होताना तुमच्याआमच्यासारखीच. पण कपड्यावर पडून राहिली की तासा-दोन तासांत शाईसारखा डाग. पाळण्यात होती तेव्हापासूनचं हे. आई ती दुपटी राखेनं घासायची, तर राखेनं डाग आणखीनच काळे व्हायचे. म्हणून तिचं धुणं कायम वेगळं, ओढ्याच्या लांबच्या टोकाला. आक्का न्हाती-धुती झाल्यावर तीच जायची आणि राखण म्हणून मला न्यायची. तिचं लग्न ठरलं तेव्हा आईनं तिला बजावलं, "सासरी ह्ये कुनाला कळू द्यायचं न्हाय. नवऱ्यालाबी न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची." आक्कानं मूठ झाकली ती झाकलीच.

दुष्काळात आक्का सरकारी कामावर खडी फोडायला जायची. दिवसभर उकिडवं बसून हातोडा. तिथून आल्यावर तिचे गुडघे दुखायला लागले आणि सगळ्यांनी म्हटलं, खडीनं गुडघे खाल्ले. पाठ ताठली. डोळ्यांच्या पांढऱ्यात काळसर ठिपके आले, कानाच्या पाळ्या निळ्या-काळ्या दिसायला लागल्या. आम्ही म्हणायचो, चुलीचा धूर आणि उन्हाचा मार. पन्नाशीला यायच्या आत ती म्हशीपर्यंत भिंत धरून जायला लागली. धार काढायला बसली की उठवायला दोन माणसं लागायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं, उजवा गुडघा संपलाय, पुण्याला जाऊन बदलून घ्या. हे ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झाल्यानंतरचं. तरीही गुडघा बदलतात हे आमच्याकडं कुणाला खरं वाटेना. सोसायटीच्या रांगेत एकजण म्हणाला, "आमच्या म्हशीचं शिंग मोडलंय, तेबी बदलून आना येताना." मी त्याच्या अंगावर धावून गेलो.

आक्का मात्र लगेच तयार झाली. मला म्हणाली, "मला काय नाचायचंय का? परसाकडं कुनाचा हात न धरता जाता आलं पायजे, बास. शेजारची बाई हात धरून नेती, आन् माझा जीव टांगनीला लागतो." तो जीव कशानं टांगणीला लागायचा ते मलाच कळत होतं. स्वतःच्या पायानं, एकटीनं जाता येणं. तिला एवढंच हवं होतं.

पुण्याच्या दवाखान्यात आम्ही तिघं गेलो. आक्का, दाजी आणि मी. पहिल्याच दिवशी सिस्टरनं तिच्या हातात झाकणाची बाटली दिली आणि तपासणीसाठी लघवी भरून द्यायला सांगितलं. दाजी चहा आणायला गेलेले. आक्कानं मला खुणेनं व्हरांड्याच्या कोपऱ्यात बोलावलं. बाटली माझ्या हातात कोंबली.

"तू भरून दे."

"येडी का खुळी तू? तपासनी तुझी हाय."

"आरं, ती बाटली तिथं टेबलावर पडून राहनार. काळी झाली की सगळ्या वार्डात बोंब. मालकांना कळंल. पंचवीस वर्सं संसार केला, आता म्हातारपनी त्यांनी मला काय म्हनावं?"

"आक्का, डाक्तरला तरी सांगू. काय तरी आसंल त्यात."

"गुडघा बघायला आलाय त्यो, माझी मोरी बघायला न्हाय." मग तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या गळ्याला लावला. "माझ्या गळ्याची आन हाय तुला. न्हायतर आत्ताच्या आत्ता गावाकडं न्हे मला."

मी पुरुषांच्या संडासात गेलो, बाटली भरली, तिच्या नावाची चिठ्ठी लावली आणि नेऊन दिली. सोसायटीत दुसऱ्याचा तांब्या पकडणारा मी! पण खरं सांगतो, तेव्हा मला काही फार मोठं केल्यासारखं वाटलं नाही. साखर आहे का नाही एवढंच बघत असतील, असं मीच मला समजावलं. माझ्या लघवीत काही नव्हतं, सगळं ठीक आलं.

ऑपरेशनच्या दिवशी दाजी आणि मी बाहेर बाकड्यावर. दाजींनी सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. बऱ्याच वेळानं मोठे डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली ओढलेला. उंच, सावळा, मऊ बोलणारा माणूस. त्यांच्या हातातल्या स्टीलच्या वाटीत तुकडे होते. म्हणाले, "हे बघा. हाडावरची कूर्चा, म्हणजे सांध्यातली गादी, पांढरीशुभ्र असायला हवी."

आत कोळसा होता. खोटं नाही सांगत, चुलीतून विझवून काढलेला कोळसाच.

डॉक्टर आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत म्हणाले, "नीट आठवून सांगा. यांची लघवी काळी होते का? थोडा वेळ राहिली की? कपड्यावर डाग वगैरे?"

मी तोंड उघडायच्या आत दाजी म्हणाले, "न्हाय."

एवढं ठामपणे दाजी कधी काही बोलले नव्हते. मला वाटलं, बिचाऱ्याला काय माहीत असणार! डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. "तुम्ही भाऊ ना? लहानपणी कधी?"

"न्हाय सायेब," मी म्हणालो. आक्काचा गळा माझ्या हाताला लागल्यासारखा झाला.

"आईवडील नात्यातले?"

"आईनं मामाशीच लगीन केलेलं. आमच्याकडं रीतच हाय तशी." हे एक खरं सांगितलं. त्यानं डॉक्टर आणखीनच विचारात पडले. म्हणाले, "एक दुर्मीळ आजार असतो. जन्मापासूनचा. शरीरात एक द्रव्य पचत नाही, ते साठून हाडं, सांधे काळे पडतात. मीही पुस्तकातच वाचलाय. उद्या लघवी पुन्हा तपासू. चोवीस तास उघडी ठेवायची. काळी झाली तर तोच."

म्हणजे दुसरी बाटली.

दुसऱ्या दिवशी आक्का शुद्धीत होती, पाय बांधलेला, तोंड कोरडं. मी तिच्या कानाशी वाकलो आणि सगळं सांगितलं. कोळशासारखं हाड, डॉक्टरांचा प्रश्न, सगळं. म्हटलं, "आक्का, आता तरी सांगू. हाडाचा आन् त्याचा संबंध हाय म्हनतोय त्यो."

तिनं डोळे मिटले. "गुडघा बसवला का न्हाय?"

"बसवला."

"मग झालं की. आता सांगून काय ते हाड गोरं हुनार हाय?"

"आक्का..."

"आन घातलीय मी तुला."

मी पुन्हा बाटली भरली. ती वॉर्डाच्या खिडकीत ठेवली, झाकण काढून. संध्याकाळी मी बघितली, पिवळी. दुसऱ्या सकाळी बघितली, पिवळी. येता-जाता डॉक्टर थांबून बघायचे आणि मी दुसरीकडं बघायचो. मला सारखं वाटायचं, आता हे बाटली उचलून नाकाशी नेतील आणि म्हणतील, ही बाईची नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं ते मी त्या खिडकीशी शिकलो. चोवीस तासांनी डॉक्टर म्हणाले, "नाही, तो आजार नाही दिसत. मग काळं का, कळत नाही. असो. जखम बरी आहे. आपण नेहमीसारखा व्यायाम सुरू करू." आणि बाटली ओतून टाकायला सांगितली.

टाके निघाले. व्यायाम शिकवणारी बाई रोज यायची, गुडघा हळूहळू वाकवायची, रोज थोडा जास्त. आक्का ओठ दाबून सोसायची. मग एक दिवस ती चौकटीची काठी धरून उभी राहिली. उभी! पाठ वाकलेली, पण पाय सरळ. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं, ते नळाकडं निघून गेले. आक्का मला म्हणाली, "बगितलास का? तुझ्या बाटलीनं काय बिघडलं?" मी हसलो. मला खरंच हायसं वाटलं होतं. म्हटलं, सुटलो बुवा.

तिसरा आठवडा असेल. सकाळची वेळ. आक्का खुर्चीवर बसली होती. व्यायामवाली म्हणाली, "आता कुणाचा हात न धरता उठा बघू, मावशी." आक्काला तेच तर हवं होतं. तिनं दोन्ही हात खुर्चीवर टेकले आणि जोर लावला. मी तिच्या समोर तीन हातांवर उभा होतो. आवाज मला ऐकू आला. ओलं सुंभ ताणून तुटावं तसा. आक्का ओरडली नाही. नुसतं "अगं आई" म्हणाली आणि परत खुर्चीत बसली. गुडघ्याची वाटी वर मांडीकडं सरकलेली दिसत होती. व्यायामवालीनं सांगितलं, पाय उचला. आक्का पायाकडं बघत राहिली. पाय हलेना.

डॉक्टर धावत आले. गुडघा चाचपला. मग एकदम त्यांनी आक्काचं तोंड खिडकीच्या उजेडाकडं वळवलं. डोळ्यांतले ठिपके बघितले. कानावरचा पदर स्वतःच्या हातानं मागं सारला, पाळी बोटांत धरून बघितली. त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "मला आत्ता, इथं, लघवी हवी. सिस्टर, तुम्ही स्वतः घ्या. दुसऱ्या कुणाच्या हाताला लावू नका."

आक्का हात जोडून म्हणाली, "मालकांना भाईर पाठवा, सायेब." दाजी बाहेर गेले. मी राहिलो. भोवती पडदा ओढला. थोड्या वेळानं सिस्टरनं काचेची नळी आणली, साधी पिवळी. डॉक्टरांनी त्यात कसल्या तरी खाराचे चार थेंब टाकले आणि नळी हलवली. बघता बघता वरून खाली काळं उतरत गेलं.

"आधीच्या दोन बाटल्या कुणाच्या?" डॉक्टरांनी विचारलं. आवाज तोच मऊ. तो चढवला असता तर बरं झालं असतं, मी तरी चिडून काही बोललो असतो.

आक्का म्हणाली, "शेजारच्या खाटेवरची बाई हुती, आता घरी गेली. तिच्याकडनं भरून घेतलं म्या. ह्याला काय ठावं न्हाय, सायेब. ह्याला बोलू नका, ह्याची नोकरीच नमुन्याची हाय."

तुटल्या पायानं बसलेली माझी बहीण माझी नोकरी वाचवत होती. आणि मी वाचवू दिली. मला बोलता आलं असतं. पडद्याच्या आत चारच माणसं होती. मी फरशीकडं बघत उभा राहिलो. माझा राग, माझा तोंडाळपणा, रांगेतल्या बायाबापड्यांवर चालायचा तेवढा सगळा त्या दिवशी कुठं गेला होता कोण जाणे.

डॉक्टर खाटेच्या कडेवर बसले. "मावशी, स्नायू हाडाला बांधणारी दोरी असते, तिला कंडरा म्हणतात. या आजारात ती पण काळी पडते आणि कुजक्या दोरासारखी होते. आत मला ती काळपट दिसली होती. पण तपासणी चांगली आली, म्हणून मी इतरांसारखाच तुमचा पाय वाकवायला लावला. कळलं असतं तर दीड महिना पाय सरळ बांधून ठेवला असता. नवीन सांध्याला काही झालेलं नाही. दोरी तुटलीय. शिवतो, पण ज्यात सुई ओवायची तेच कच्चं आहे."

"व्हय, सायेब. माझंच चुकलं," आक्का म्हणाली.

त्यांनी शिवलं, तारेनं बांधलं, मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर घातलं. पुढं प्लॅस्टर निघालं तेव्हा सांधा वाकत होता, पण आक्काला तो आपला आपण सरळ करता येत नव्हता. पाय उचलायला गेली की गुडघा खाली लोंबायचा. चामड्याचा पट्टा, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि हातात काठी, असं घेऊन आम्ही परत निघालो. आम्ही निघताना डॉक्टर म्हणाले, "यांना एकटं सोडू नका. हात धरल्याशिवाय चालवू नका. दोरी पुन्हा तुटली तर माझ्याकडं उपाय नाही."

त्या आधीचीच एक गोष्ट. प्लॅस्टर घातल्याच्या संध्याकाळी मी दाजींना व्हरांड्यात गाठलं आणि सगळं ओकलो. काळे डाग, ओढा, दोन्ही बाटल्या. म्हटलं, "दाजी, मला जोड्यानं मारा." दाजी कठड्याला टेकून उभे होते. मग म्हणाले, "मला ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"काळं. लग्नाच्या पहिल्या सालीच. एका घरात ऱ्हातो आपन, धुनं दिसत न्हाय व्हय?"

माझं डोकंच फिरलं. "मग त्या दिवशी डाक्तरनं तोंडावर इचारलं तवा न्हाय का म्हनालाव?"

"ती आत बेशुद पडलेली. तिनं इतकी वर्सं झाकलं आन् तिच्या माघारी म्या उघडं करू? ते काय बरं दिसलं आसतं का?" आणि मग माझा दंड धरून म्हणाले, "तिला सांगू नगंस. मला ठावं न्हाय ह्याचाच तिला आधार हाय."

मी नाही सांगितलं. आणखी एक झाकण. तोवर मला त्याची सवयच लागली होती.

गावाकडं आल्यावर व्हायचं तेच झालं. आक्का दाजींना हात धरू देईना. परसाकडं जायचं म्हटलं की काठी टेकत, पाय ओढत, एकटी. दाजी मागं निघाले की ओरडायची, "तुमी बसा तिथंच!" ते बसायचे. पंधरा दिवसांत दोनदा पडली. तिसऱ्यांदा बाभळीच्या बुडाशी पडली, ती शेतातल्या बायकांनी उचलून आणली. मला निरोप आला तसा मी सायकल काढून गेलो. आक्का जात्याशेजारी भिंतीला टेकून बसली होती. पट्टा निसटलेला, गुडघा भाकरीसारखा फुगलेला. शिवण सुटली होती, ते मला बघताक्षणी कळलं.

मी तिच्यावरच खेकसलो. "दाजींचा हात धरला आसता तर काय बिघडत हुतं गं? त्यांना सगळं ठावं हाय! लग्नाच्या पहिल्या सालापासनं ठावं हाय!"

आक्का माझ्याकडं बघत राहिली. मग दारात उभ्या असलेल्या दाजींकडं तिनं बघितलं. दाजींनी मान खाली घातली, तेवढ्यावरून तिला कळलं.

"त्या डाक्तरनं इचारलं तवाबी ठावं हुतं?"

"व्हय," दाजी म्हणाले.

"आन् तू?" ती माझ्याकडं वळली. "ह्येंना ठावं हाय, ह्ये तुला कवा कळलं?"

"प्लॅस्टर घातलं त्या दिवशी."

म्हणजे शिवण धरून होती तेव्हा. तिनं बोटांवर दिवस मोजल्यासारखं केलं आणि सोडून दिलं. पुण्याला वाटी वर सरकली, दोरी तुटली, तरी ती रडली नव्हती. आता रडायला लागली, मोठ्यानं, लहान पोरीसारखी. रडता रडता म्हणाली, "आरं, तिघंबी एकमेकाला झाकत बसलाव की रं आपन. आन् पाय माझा गेला."

दाजी पुढं आले आणि तिच्याजवळ खाली बसले. मला तिनं हातानंच बाहेर जायला सांगितलं. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. ती त्यानंतर अकरा वर्षं जगली, पण स्वतःच्या पायावर पुन्हा कधी उभी राहिली नाही.